जुन्या ध्वनियंत्रांची दुरुस्ती : जबाबदारी कोणाची?

पूर्वी परभणी आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात असलेले वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव महाराष्ट्राला परिचित झाले ते मुख्यतः नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. कुरुंदकर लेखक म्हणून मोठे होतेच. परंतु ज्यांनी त्यांना ऐकले ते त्यांच्या वक्तृत्वाबद्दल अधिक बोलतात. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे त्यांचे निधन झाले, तेही व्यासपीठावरच. त्यांच्या अनेक व्याख्यानांची पुस्तके झाली. पुस्तकात युक्तिवाद उतरतो. आवाजाचा चढउतार, मुद्दा मांडण्यापूर्वीचा क्षणभराचा विराम, श्रोत्यांतून उमटलेली दाद या गोष्टी मात्र छापता येत नाहीत. त्या टिकल्या तर ध्वनिफितीवरच टिकतात.

कुरुंदकरांच्या वक्तृत्वाचा बहराचा काळ हा स्पूल टेपरेकॉर्डरचा आणि त्यामागोमाग आलेल्या कॅसेटचा काळ होता. फिलिप्सने कॅसेट प्रथम १९६३ मध्ये दाखविली आणि पुढील वीस वर्षांत ती खेड्यापाड्यांत पोहोचली. व्याख्याने, कीर्तने, भारुडे, गवयांच्या खासगी बैठका, घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे असे त्या काळातले जे जे कोणी मुद्रित करून ठेवले असेल, ते चुंबकीय फितीच्या स्वरूपात कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहे. पुस्तक उघडण्यास डोळे पुरतात. फीत ऐकावयाची तर चांगल्या स्थितीतील यंत्र लागते, आणि अशी यंत्रे आता जवळजवळ कोणी बनवीत नाही. युनेस्कोने आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये याच प्रश्नावर जगभरच्या संस्थांना सावध केले होते. फिती झिजत आहेत त्याहून वेगाने त्या वाजविणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती जाणणारी माणसे नाहीशी होत आहेत. २०२५ च्या सुमारास हे काम बहुतेक ठिकाणी अशक्य होऊ लागेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. ते वर्ष आता उलटून गेले आहे.

उंची ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की तो धनिकांच्या छंदाचा विषय समजून बाजूला सारण्याची प्रथा आहे. लाखाचा ॲम्प्लिफायर घेणाऱ्याने त्याच्या दुरुस्तीची चिंता आपली आपण करावी, असे सामान्य वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फितीवर जे आहे ते सगळे उतरवून घेण्याची क्षमता स्वस्त यंत्रात नसते. फीत समान गतीने ओढणारा चक्राक्ष, तिच्याशी अचूक कोन साधणारे हेड आणि तो कोन जुळविण्याची सोय असलेले यंत्रच मूळ ध्वनी पुरेपूर बाहेर काढू शकते. चैनीची वस्तू म्हणून जे विकले गेले, तेच चाळीस वर्षांनी संशोधकाचे उपकरण झाले आहे. म्हणून हा प्रश्न छंदाच्या पलीकडचा ठरतो.

असे यंत्र बंद का पडते, हे पाहणे उद्बोधक आहे. त्याचे महागडे भाग सहसा दगा देत नाहीत. रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळून चिकट होतो. फीत दाबून धरणारी रबरी चकती कडक होते. वंगण गोठते. विद्युतपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड हात लावताच भुगा होऊन पडते. यांतील बहुतेक भाग किरकोळ किमतीचे आहेत. कपॅसिटर तर सर्वमान्य मापाचे असल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा टपालाने कोठेही मिळतात. खरा अडथळा येतो तो त्या विशिष्ट यंत्रासाठीच घडविलेल्या भागांपाशी. खास बनवून घेतलेले इंटिग्रेटेड सर्किट, सीडी वादकातील लेसर, विवक्षित आकाराचे दातेरी चक्र, झिजलेले हेड, यांना पर्याय नसतो. यंत्र जितके प्रगत, तितके असे भाग अधिक. व्हॉल्व्हचा साठ वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आज सुरू करता येतो, कारण त्याचे व्हॉल्व्ह अद्याप काही देशांत तयार होतात आणि उरलेले सारे भाग सामान्य असतात. त्याच्यानंतर तीस वर्षांनी आलेला सीडी वादक एका लेसरअभावी निकामी ठरतो.

दोन जपानी यंत्रांचे इतिहास या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. नाकामिची कंपनीचा ‘ड्रॅगन’ हा कॅसेट डेक १९८२ मध्ये आला. फितीशी हेडचा कोन तो वाजता वाजता स्वतःच जुळवून घेत असे; कॅसेटमधून इतका ध्वनी निघू शकतो यावर त्या वेळी अनेकांचा विश्वास बसला नाही. परंतु ही किमया ज्या खास मोटारींवर आणि सर्किटांवर अवलंबून होती, ती इतर यंत्रांत सहसा नव्हती. कॅसेटचा बाजार आटला आणि २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नाव विकत घेतले गेले. जुन्या यंत्राची जबाबदारी त्या नावाबरोबर आली नाही. याउलट टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ मध्ये आलेला रेकॉर्ड वादक. त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबले आणि २०१६ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. मधल्या काळातही जुन्या यंत्रांचे फारसे अडले नाही, कारण सुमारे ३५ लाख यंत्रे जगभर विकली गेली होती आणि त्यांच्यासाठी भाग बनविणे स्वतंत्र कारखानदारांनाही परवडत होते. ग्लासगोच्या लिन कंपनीने तिसरा मार्ग धरला. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी आलेल्या तिच्या एलपी-१२ या वादकाची मूळ रचना तिने बदललीच नाही, सुधारित भाग जुन्या यंत्रात बसतील अशी योजना ठेवली. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा पैसे खर्च करते हे खरे, परंतु यंत्र फेकून देत नाही. आर्थिक दृष्ट्या हा उद्योग तोट्याचा ठरला असता तर पन्नास वर्षे चालला नसता.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या कार्यातून खेड्यापाड्यांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. १९९० च्या दशकात त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले ते डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजेच डॅट, या त्या वेळच्या सर्वोत्तम फितीवर. हे तंत्र सोनीने १९८७ मध्ये आणले आणि २००५ मध्ये त्याची यंत्रे बनविणे थांबविले. म्हणजे सर्वोत्तम म्हणून निवडलेल्या माध्यमाचे आयुष्य उणेपुरे अठरा वर्षांचे! तो ध्वनी पुढे संगणकावर उतरविला गेला आणि आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही ऐकता येतो. यंत्रे चालू होती तोवर काम उरकले म्हणून हे साधले. ज्यांनी डॅटच्या फिती जपून कपाटात ठेवल्या आणि एवढ्यावरच समाधान मानले, त्यांच्या फितींना आज व्हिडिओ यंत्राप्रमाणे फिरते हेड असलेला, सुस्थितीतील वादक शोधीत फिरावे लागेल.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे दोन बाजार आहेत. यंत्राच्या बाजारात अनेक विक्रेते असतात, स्पर्धा असते, ग्राहक राजा असतो. यंत्र घरी आले की तो दुसऱ्या बाजारात जातो. तेथे त्या भागाचा विक्रेता एकच, आणि तो भाग बनवावयाचा की नाही हेही तोच ठरवितो. पहिल्या बाजारातील स्पर्धा दुसऱ्या बाजारालाही आपोआप शिस्त लावील, असा युक्तिवाद उत्पादक करीत आले आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कोडॅकच्या खटल्यात हा युक्तिवाद जसाच्या तसा मान्य करण्यास नकार दिला. वीस वर्षांनी लागणाऱ्या सुट्या भागाचा खर्च ग्राहकाला खरेदीच्या दिवशी कळत नाही, आणि एकदा पैसे गुंतविल्यावर त्याला सहज बाहेर पडता येत नाही. भारताच्या स्पर्धा आयोगानेही ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटारगाडी उत्पादकांना स्वतंत्र गॅरेजांस सुटे भाग व तांत्रिक माहिती न दिल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, परंतु त्यामागचे तत्त्व मोटारींपुरते मर्यादित नाही.

उत्पादकाचीही बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. भागांचा साठा म्हणजे गुदामात अडकलेले भांडवल. कोणता भाग किती लागेल याचा अंदाज चुकतो, आणि उत्पादन थांबल्यानंतर पन्नास नगांसाठी साचा पुन्हा चालविणे परवडत नाही. जपानी कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकांत उत्पादन थांबल्यापासून आठ वर्षे भाग ठेवण्याची ग्वाही देत आल्या आहेत, ती काही अगदी कमी नव्हे. चाळीस वर्षे साठा ठेवा, अशी मागणी कोणी करू नये. परंतु साठा ठेवणे आणि माहिती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्युतमंडलाचा आराखडा, दुरुस्तीची पुस्तिका, भागांची मापे प्रसिद्ध करण्यास गुदाम लागत नाही. जुन्या रेडिओच्या पेटीत आतल्या बाजूला आराखड्याचा कागद चिकटविलेला असे. आज तोच आराखडा व्यापारी गुपित समजला जातो, आणि तोही अशा यंत्राचा की जे विकणे कंपनीने कधीच सोडून दिले आहे! या गुपिताचे रक्षण कोणापासून करावयाचे, हे समजणे कठीण आहे.

या मुद्द्याचे महत्त्व पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात अधिक आहे. तेथे तंत्रज्ञाच्या एका तासाची मजुरी एवढी झाली आहे की भाग मिळूनही दुरुस्ती महाग पडते. येथे कारागिराचा वेळ तुलनेने स्वस्त आणि कौशल्य भरपूर आहे. कमतरता आहे ती भागांची व माहितीची. कुरुंदा-वसमत परिसरातील हळदीच्या आणि उसाच्या शेतकऱ्याची मोटार जळाली तर ती तालुक्याच्या गावी भरून मिळते. तांब्याची तार बाजारात आहे, वेढ्यांचा हिशेब उघडा आहे, काम करणारा हात जवळ आहे. त्यामुळे नव्या मोटारीच्या किमतीच्या काही अंशात पंप पुन्हा सुरू होतो. जुलै २०२२ मध्ये आसना नदीच्या पुराने कुरुंद्याला वेढा दिला आणि पाणी घरांत शिरले. अशा पुरानंतर घरातले कोणते यंत्र वाचते हे पाहिले तर ज्याची माहिती उघडी तेच वाचते, असे दिसेल. पंपाची मोटार सुकवून, भरून कामाला लागते. बंद पेटीतले इलेक्ट्रॉनिक यंत्र भंगारात जाते. ध्वनियंत्राची गोष्ट याहून वेगळी नाही.

नव्या ध्वनियंत्रांनी तर या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. अनेक स्पीकर आता दूरच्या संगणकाच्या आधारे चालतात. सोनोस या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांना पुढे नवी आज्ञावली मिळणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांत असंतोष उसळला. यंत्रात कोणताही भाग बिघडला नव्हता. जुना टेपरेकॉर्डर निदान आपल्या दोषाने बंद पडत असे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाबाबतचा अहवालही सरकारला सादर झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याविषयी निर्देश काढला. परंतु त्याच्या यादीत धुलाईयंत्रे आणि मोबाइल आहेत, ध्वनियंत्रे नाहीत. दिशा योग्य असली तरी या साऱ्यांची नजर आज विकल्या जाणाऱ्या मालावर आहे. ज्या मालाचे उत्पादन थांबले त्याचा आराखडा आणि मापे सार्वजनिक ठिकाणी जमा करण्याचे बंधन उत्पादकावर घालणे हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि अद्याप कोणी फारसा न बोललेला भाग आहे. खरेदीच्या वेळी खोक्यावर किंमत छापतात, तसेच ‘भाग अमुक वर्षापर्यंत मिळतील’ हेही छापता येईल. मग तुलना ग्राहक स्वतः करील.

मराठवाड्यापुरते तर कायद्याची वाट न पाहताही काही करता येण्याजोगे आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने किंवा विभागातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने दोन चांगले स्पूल वादक, दोन कॅसेट डेक आणि मिळाला तर एक डॅट वादक दुरुस्त स्थितीत ठेवावा; त्यांच्या पुस्तिका आणि रबरी भाग साठवावेत; गावोगावच्या ग्रंथालयांनी व घरांनी आपल्या फिती तेथे आणून उतरवून न्याव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्ती शिकून बाहेर पडलेली जुनी पिढी आता निवृत्तीच्या वयात आहे. तिच्यापैकी दोघे-तिघे मानधनावर मिळाले तरी हे काम उभे राहील. त्याचा खर्च एखाद्या साहित्य संमेलनाच्या मंडपाहून कमीच येईल.

घाईचे कारण फितीतच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील काही नामांकित कंपन्यांच्या फितींवरील लेप हवेतील दमटपणा शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढविली की ती किंचाळते, हेडवर लेप सोडते आणि थांबते. ती सुमारे पन्नास अंश उष्णतेत काही तास शेकून कोरडी करावी लागते. शेकल्यानंतर ती नीट वाजते. मात्र हा गुण काही आठवडेच टिकतो. तेवढ्या अवधीत यंत्र तयार असावे लागते.