एक पत्ता बदलला, साडेचार जीबी निघाले

तीन सर्व्हर घ्या. लिनक्स आणि कंटेनर रनटाइम टाका, स्वॅप बंद करा, पहिल्या मशीनवर क्लस्टर सुरू करायची कमांड द्या, तिने छापलेलं टोकन घेऊन उरलेली दोन जोडा, नेटवर्कचं प्लगइन बसवा. सगळं सुरळीत गेलं तर दुपारभरात कुबरनेटीस, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, उभं राहतं. प्रत्येक मशीनला २ जीबी रॅम असली तरी भागतं.

हेच सॉफ्टवेअर ५,००० नोडपर्यंत, म्हणजे मशीनपर्यंत, पेलेल, असं त्याची अधिकृत कागदपत्रं सांगतात. दीड लाख पॉड (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक वा अधिक कंटेनरची जुडी), तीन लाख कंटेनर. एका नोडवर ११० पॉडची मुभा आहे. ५,००० ने गुणा, साडेपाच लाख होतात. मग आकडा दीड लाखावरच का अडतो? कारण दमतात त्या मशीन नाहीत, दमते ती सगळ्यांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा.

प्रत्येक नोड साधारण दर १० सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ असं कळवतो. ५,००० नोड म्हणजे सेकंदाला ५०० निरोप, तेही एकही काम सुरू नसताना. हे सगळं जिथे नोंदलं जातं त्या एटसीडीची शिफारस केलेली कमाल मर्यादा आहे फक्त ८ जीबी! हजारो मशीनची स्थिती एका जुन्या पेनड्राइव्हएवढ्या जागेत मावते, हे मला आजही थक्क करतं. त्यातली प्रत्येक नोंद बहुमताने पक्की व्हावी लागते. म्हणून एटसीडीच्या प्रती ३ किंवा ५ ठेवतात. ३ असतील तर एक बंद पडलेली चालते; ४ केल्या तरी एकच.

खरा स्फोट मात्र पत्त्यांच्या यादीत होता: कोणत्या सेवेमागचे पॉड कुठे आहेत, हे प्रत्येक नोडला माहीत असावं लागतं. समजा एका सेवेमागे ५,००० पॉड आहेत आणि क्लस्टरमध्ये ३,००० नोड. पत्त्यांची यादी सुमारे दीड एमबीची. एक पॉड हलला की पूर्ण यादी प्रत्येक नोडकडे नव्याने जायची. एका सभासदाचा फोन नंबर बदलला म्हणून सोसायटीत घरोघरी नवी डिरेक्टरी छापून वाटण्यासारखंच. दीड एमबी गुणिले ३,०००, म्हणजे साडेचार जीबी. नवी आवृत्ती चढवताना सगळे ५,००० पॉड एकेक करून बदलले, तर साडेबावीस टेराबाइट. नुसत्या पत्त्यांपायी!

उपाय कमालीचा साधा निघाला. यादीचे शंभर-शंभर पत्त्यांचे तुकडे करायचे आणि बदललेला तुकडाच पाठवायचा. दीड एमबीच्या जागी ३० केबी, साडेचार जीबीच्या जागी ९० एमबी. २०२० मध्ये आलेल्या १.१९ आवृत्तीपासून नोडवर सेवेची वाहतूक पॉडकडे वळवणारा क्यूब-प्रॉक्सी डीफॉल्टनेच हे तुकडे वाचू लागला.

पुढच्याच वर्षी ओपनएआयने आपला क्लस्टर ७,५०० नोडपर्यंत नेल्याचं सांगितलं, आणि त्यात या तुकड्यांचा मोठा वाटा असल्याचंही. २०२४ च्या नोव्हेंबरात गूगलने ६५,००० नोडचा क्लस्टर जाहीर केला. तिथवर जाताना त्यांनी एटसीडीच बाजूला काढलं आणि नोंदी ठेवायला आपल्या स्पॅनर डेटाबेसवर आधारलेली नवी व्यवस्था बसवली.