सक्कारा येथील पाषाणनगरी

कैरोच्या दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटरवर, नाईलकांठची हिरवी शेतें संपून वाळवंट जेथें लागतें, तेथें सक्कारा नांवाचें विस्तीर्ण दफनस्थान आहे. मेंफिस या प्राचीन राजधानीची ही श्मशानभूमि. तीन हजारांहून अधिक वर्षें येथें राजे, अमात्य, फार काय, देव मानलेले बैलहि पुरले गेले. त्यांतील जोसर राजाच्या एकाच स्थानाकडे आपण वळूं.

हा राजा इ. स. पूर्वीं २६५० च्या सुमारास होऊन गेला. तोंपर्यंत राजांच्या कबरींवर कच्च्या विटांचा बसका ओटा बांधीत. जोसरचाहि प्रथम ओटाच होता; मात्र दगडाचा. पुढें त्यावर टप्पे चढत गेले, आधीं चार, अखेर सहा, आणि सुमारें ६० मीटर उंचीचा मिसरांतील पहिला पिरॅमिड उभा राहिला. राजाची कबर त्याखालीं २८ मीटर खोल विवराच्या तळाशीं आहे.

खरी मौज भोंवतालच्या इमारतींत आहे. दगड नवा, पण कारागिरांचे हात माती, बोरू व लांकूड यांवर बसलेले! म्हणून चिरे विटांसारखे लहान घडविले. छताचे दगड ओंडक्यांसारखे गोल कोरले. स्तंभांना बोरूच्या जुड्यांचा आकार दिला; परंतु ते एकटे उभे राहतील असा भरंवसा नसावा, कारण प्रत्येक स्तंभ आडव्या भिंतीनें बाजूच्या भिंतीस जखडलेला आहे. भूगर्भांतील दालनांत निळ्या चकचकीत फरशा अशा बसविल्या आहेत, कीं बोरूच्या चटया टांगल्याचा भास व्हावा.

या सर्वांचा कर्ता इम्होतेप मानला जातो. १९२६ सालीं राजाच्या भग्न पुतळ्याची बैठक सांपडली. तीवर राजासमवेत त्याचेंहि नांव कोरलेलें आहे. सेवकाला एवढा मान देणारा राजा विरळाच.

त्याच सालीं झां-फिलिप लोएर हा तरुण फ्रेंच वास्तुविशारद तेथें आला. वाळूंत विखुरलेले चिरे ओळखून पुन्हां जागच्या जागीं बसविण्यांत त्यानें २००१ मधील मृत्यूपर्यंत आयुष्य वेंचिलें. १९९२ च्या भूकंपानें पिरॅमिडास इजा झाली. दीर्घ डागडुजीनंतर २०२० मध्यें तो पुन्हां खुला झाला.

दीड किलोमीटरांहून अधिक लांबीच्या तटास पंधरा दारें दिसतात. चौदा नुसतीं कोरलेलीं, खरें एकच. त्यांतून आंत शिरतांच भिंतीशीं दाराचीं उघडीं फळकुटें दिसतात. तींहि दगडाचींच, कधींहि न मिटणारीं.