युनियनने काढले तर नोकरी जाते का?

"युनियनने नाव कमी केलं, तर नोकरीही जाईल का हो?" इथे ब्रिटनमध्ये रेल्वेत काम करणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले. मी पडलो संगणकवाला. उत्तर शोधावे लागले.

पूर्वी ही भीती खरी होती. युनियनमध्ये यायला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये ब्रिटिश रेलमधल्या तिघांची नोकरी गेली. १९८१ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९८८ आणि १९९० च्या कायद्यांनी ती सक्ती मोडीत काढली.

२००७ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने आगगाडीच्या ड्रायव्हरांच्या 'अस्लेफ' युनियनची बाजू उचलून धरली. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या बी.एन.पी. पक्षाच्या एका सभासदाला तिने काढले होते. आपली माणसे निवडण्याचा हक्क संघटनेलाही आहे. शिवाय त्या ड्रायव्हरची नोकरी शाबूत होती.

मला दोन्ही निकाल पटतात. कुणाच्या पोटावर पाय येत नसेल, तरच संघटनेने दार लावावे.

आपल्या मंडळींसाठी एवढेच: काढण्याचे कारण कायद्यात बसत नसेल, तर सहा महिन्यांच्या आत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. तेव्हा युनियनचे पत्र जपून ठेवा आणि तारीख विसरू नका.