लग्नचौकाची किंमत

अलीकडे कोणाच्याही घरी गेलो, म्हणजे बैठकीच्या खोलीत एक गोष्ट हमखास दृष्टीस पडते. तांबड्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभी केलेली माणसे. कधी ती भिंतीवर असतात, कधी उशीच्या अभ्र्यावर, कधी चहाच्या कपावर. यजमानांना विचारले की हे काय आहे, तर उत्तर मिळते, 'वारली.' चित्रात काय चालले आहे असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळते, 'नाच.' या दोन शब्दांच्या पलीकडे आपली ओळख सहसा जात नाही.

घर सजवावे, हाताने केलेल्या वस्तूंनी सजवावे, त्या पाहून आपल्यालाही काही करावेसे वाटावे, ही हौस चांगलीच आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु आमचा सारा जन्म मजुरीच्या प्रश्नात गेल्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणी केली आणि करणाराच्या हाती काय पडले, हे दोन प्रश्न आमच्या तोंडी आपोआप येतात. तेच दोन प्रश्न घेऊन आज या चित्रांकडे पाहू.

वारली लोकांची वस्ती मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात आहे. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील जुने घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण. घरात लग्न निघाले की एका भिंतीवर गेरूचा हात फिरतो. तांदूळ वाटून पाण्यात कालवले की पांढरा रंग तयार होतो. बांबूची काडी घ्यावयाची, तिचे टोक चावून मऊ करावयाचे, की झाला कुंचला. बाजारातून आणावे लागेल असे यात जवळपास काहीच नाही.

मग सवाशिणी चौक लिहावयास बसतात. प्रथम चौकट, तिच्या पट्ट्यांत रेघा, त्रिकोण, साखळ्या. चौकटीच्या मधोमध पालघट देवी. ही पिकापाण्याची, वाढीची, संततीची देवता. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. शेजारी लहान देवचौक असतो, त्यात पंचशिऱ्या देव. त्याच्या धडावर मस्तकाच्या जागी पाच कणसे उगवलेली. चौकाबाहेर झाडे, पाखरे, ताडावर चढणारा माणूस, कांडण करणाऱ्या बाया, आणि तारपा वाजविणाराच्या भोवती गुंडाळत गेलेली नाचणारांची साखळी. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते, आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही.

तेव्हा आपण ज्याला नाच म्हणून ओळखतो, ते मुळात लग्नाचे चित्र आहे. ते शोभेसाठी काढलेले नसते. लग्नाच्या कामासाठी ते लिहावयाचे, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की ते जावयाचे. त्यातील माणसांकडे एकदा निरखून पाहावे. बहुतेक प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम आहे. जे काम बाई रोज करते, तेच तिने भिंतीवर लिहिले आहे.

आता त्या लग्नाचा हिशेब पाहू. पन्नास-पाऊणशे रुपयांची सोय नसलेला वारली तरुण लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडे जाई. कर्ज मिळे, पण त्याची फेड पैशात होत नसे. तो तरुण धन्याच्या घरी व शेतावर राबे, बहुतेक वेळा त्याची बायकोही राबे, आणि हिशेब धन्याच्याच वहीत असल्यामुळे तो क्वचितच मिटे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ सालच्या अहवालातही या लग्नगड्यांची हकिगत आलेली आहे. ज्या भिंतीवर पालघट देवी बसे, तिच्याच समोर एका जोडप्याची गुलामगिरी सुरू होत असे. आमच्या मते ही गोष्ट चित्र पाहताना मनात असावयास हवी.

हे संपविले कोणी? खुद्द वारल्यांनी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे गेलेल्या थोड्या वारल्यांनी आपले दुःख बोलून दाखविले. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर त्या भागात पायी हिंडले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला. लग्नगडी मोकळे झाले. पुढे पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व आणखी चौघे मारले गेले. ज्यांना हा इतिहास मुळातून हवा असेल, त्यांनी गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचावे.

चित्रे शहरात आली ती यानंतर, १९७० च्या दशकाच्या आरंभी. हस्तकलेचे काम पाहणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर गेले. त्यांनी कागद व रंग दिले आणि भिंतीवरची रेघ कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे यांतील सर्वांत नामांकित कलावंत. त्यांच्या चित्रांनी समुद्र ओलांडला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भिंतीवर, विनामोबदला, हे काम बायकांचे होते. त्याला कागद आणि पैसा मिळू लागला, तेव्हा नावे पुढे आली ती मुख्यतः पुरुषांची. कारखान्यातही हेच घडताना आम्ही पाहिले आहे: कामाला दर लागला की बाई मागे सरते.

पुढे २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पुष्कळांचा असा समज आहे की आता प्रश्न मिटला. मानांकन म्हणजे काय, हे समजून घ्यावे. त्यामुळे एखाद्या मालाचे नाव त्या मुलखाशी बांधले जाते. दुसऱ्याने आपल्या मालाला ते नाव लावून विकू नये, इतके संरक्षण मिळते. त्याने मजुरीचा दर ठरत नाही. शिवाय यंत्रावर छापलेल्या चादरीवर दोन त्रिकोणांचा माणूस असला आणि वारली हे नाव नसले, तर मानांकनाचा हात तेथवर पोचणे कठीण. छापलेल्या चादरीमागेही मजूर असतातच, आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. परंतु त्या चादरीच्या पैशातून गंजाडच्या बाईला काही पोचत नाही, एवढे स्पष्ट आहे.

मग आपण करावे काय? पहिली गोष्ट, चित्र घ्यावयाचे तर करणाराच्या हातून किंवा त्यांच्या संस्थेकडून घ्यावे, आणि नाव विचारावे. एक चित्र काढावयास किती दिवस लागले हे विचारावे आणि किमतीला त्या दिवसांनी भागावे. निघालेला आकडा आपल्या गावच्या गवंड्याच्या रोजापेक्षा कमी असेल, तर घासाघीस करण्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

दुसरी गोष्ट, हौस असेल तर स्वतः हात चालवावा. गेरू अजून मिळतो, तांदूळ घरात आहे. पण स्फूर्ती घेणे म्हणजे तारपा उतरवून काढणे, अशी समजूत करून घेऊ नये. वारली बाईने जे रोज पाहिले, जेथे ती राबली, ते लिहिले. आपणही तेच करावे. आपल्या भिंतीवर नळावरची रांग यावी, पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे कामगार यावेत, भाजीची पाटी, शिवणयंत्र, एस. टी. चा थांबा यावा.

आणि आपल्या घरीही एक चौक होता, याचा विसर पडू नये. चैत्र-वैशाखाच्या दिवसांत अंगणात चैत्रांगण काढीत: झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, कमळ, गोपद्म. तेही बायकाच काढीत, आणि त्याचीही मजुरी कोणी धरली नाही. अंगणे गेली, फरश्या आल्या; तरी अनेक घरांत ते हात अजून आहेत. घरात आजी असेल तर आज रात्री तिच्याजवळ पाटी द्यावी आणि आठवेल ते काढावयास सांगावे. तिने काढलेले भिंतीवर लावावे, आणि खाली तिचे नाव लिहावे.