तपकिरी केंद्रकांची चाळीस वर्षं

एल्वुड जेन्सन यांच्याकडे १९५८ साली अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच नेमकं चिकटणारं हत्यार, नव्हती. शिकागो विद्यापीठात त्यांनी आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रोजेनला ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, खूण जोडली. वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना ते टोचलं आणि शरीरात कुठे जातं ते मोजलं. रक्तातून, स्नायूंतून ते लवकर निघून गेलं. गर्भाशयात मात्र ठाण मांडून बसलं. तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे, एवढं त्यावरून कळलं. ते काहीतरी म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर.

पुढची कितीतरी वर्षं हा रिसेप्टर मोजला जात होता, पण दिसत नव्हता. स्तनाची गाठ काढली की तिचा तुकडा लगेच गोठवायचा, वाटायचा, त्यात किरणोत्सारी इस्ट्रोजेन मिसळायचं आणि न चिकटलेलं कोळशाच्या पुडीने शोषून घ्यायचं. उरलं ते रिसेप्टरला चिकटलेलं. गाठ लहान असली तर ही तपासणी व्हायचीच नाही. शिवाय बाईच्या अंगातल्याच इस्ट्रोजेनने रिसेप्टरच्या जागा अडवलेल्या असल्या, तर आकडा खोटाच कमी यायचा. तरीही इस्ट्रोजेनला रिसेप्टरवर बसू न देणारी टॅमॉक्सिफेन ही गोळी स्तनाच्या कर्करोगात कुणाला लागू पडेल ते ठरवायला डॉक्टरांच्या हाती तोच आकडा होता.

१९७५ साली जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्याच्या अँटीबॉडी अमर्याद बनवायची रीत दिली. जेन्सन यांच्या प्रयोगशाळेतल्या जेफ्री ग्रीन यांनी ती उचलली आणि १९८० साली मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या मोनोक्लोनल अँटीबॉडी जाहीर केल्या. रिसेप्टर काढला होता एमसीएफ-७ या पेशींमधून. या पेशी अमेरिकेतल्या एका कर्करुग्ण ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून वाढवलेल्या. अँटीबॉडी खरंच रिसेप्टरलाच चिकटते का, हे तपासायला ट्रिटियमवालं इस्ट्रोजेन होतंच. रिसेप्टरने ते आधीच धरलेलं असायचं. अँटीबॉडी येऊन बसली की सगळं मिळून जड व्हायचं आणि साखरेच्या द्रावणात जास्त खाली उतरायचं. म्हणजे अँटीबॉडीच्या साक्षीला तिच्याशी काडीचा संबंध नसलेला दुसरा साक्षीदार उभा होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच.

मग आला १९८४ चा धक्का. रिसेप्टर पेशीद्रवात असतो आणि हार्मोन भेटलं की केंद्रकात जातो, असं तोवर पाठ्यपुस्तकांत होतं. ती दोन पायऱ्यांची मांडणी खुद्द जेन्सन यांच्याच गटाने पुढे आणली होती. विल्यम किंग आणि ग्रीन यांनी अँटीबॉडी लावून पाहिलं, तर हार्मोन असो वा नसो, रंग केंद्रकातच. पेशी वाटताना रिकामा रिसेप्टर केंद्रकातून सांडत होता, आणि सांडलेल्या जागेलाच लोक त्याचं घर समजत होते. आपल्याच प्रयोगशाळेतून निघालेल्या हत्याराने आपलाच सिद्धान्त मोडावा, असं विज्ञानात रोज घडत नाही.

सुरुवातीच्या अँटीबॉडींना गोठवलेला तुकडा लागे. रुग्णालयात मात्र गाठ फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात, आणि फॉर्मलिनमध्ये प्रथिनं एकमेकांना अशी जखडली जातात की अँटीबॉडीला पकडायची जागाच उरत नाही. १९९१ साली मेणातल्या तुकड्याचा काप द्रावणात उकळून ती जागा मोकळी करण्याची युक्ती निघाली. आधी मायक्रोवेव्हमध्ये, पुढे प्रेशर कुकरमध्येही. उकळून झालं की अँटीबॉडी, मग रंग. सूक्ष्मदर्शकाखाली पॉझिटिव्ह केंद्रकं तपकिरी, बाकीची निळी. मुरलेला पॅथॉलॉजिस्ट गाठीकडे वळण्याआधी शेजारची निरोगी दुग्धनलिका बघतो. तिथे थोडी केंद्रकं तपकिरी व्हायलाच हवीत. झाली नसतील तर स्लाइडवर विश्वास ठेवायचा नाही.

अँटीबॉडी चांगली असूनही निकाल कसा घसरतो, याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठी जेमतेम एक तृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर. भारतीय बायकांचा कर्करोगच वेगळा, असा अर्थ काढणं सोपं होतं, आणि तो काढलाही गेला. पुढे त्याच रुग्णालयातल्या आकडेवारीत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. एवढ्या थोड्या वर्षांत बायकांची जैविक घडण बदलत नाही. गाठ फॉर्मलिनविना तासन्‌तास पडून राहणं, ती न चिरता अख्खी बरणीत टाकणं, असल्या साध्या गोष्टींनी रिसेप्टर हरवतो. हरवला की 'निगेटिव्ह' असा शेरा पडतो आणि बाईला स्वस्तातली, उपयोगी गोळी मिळत नाही.

धाकट्या भावंडाची कहाणी मात्र खेदाची. १९९६ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला दुसरा इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला. त्याला बीटा म्हणू लागले, जुना तो अल्फा. आता अँटीबॉडी बनवणं सोपं झालं होतं. कंपन्यांच्या यादीतून मागवायची, 'फक्त संशोधनासाठी' छापलेली कुपी दोन दिवसांत टेबलावर. बीटा स्तनात आहे, प्रोस्टेटमध्ये आहे, आतड्यात आहे, असे निबंध येत गेले. कर्करोगात तो घटतो की वाढतो यावर वाद झडले, आणि दोन्ही बाजूंकडे तपकिरी स्लाइडचे फोटो होते.

२०१७ साली स्वीडनमधल्या एका गटाने अशा तेरा अँटीबॉडी तपासायला घेतल्या. बीटा नक्की असलेल्या आणि नक्की नसलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या. तेरापैकी पीपीझेड०५०६ ही एकटीच कसाला उतरली. त्या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्याही नापास. या एकीने पाहिलं तर बीटा वृषणात, अंडाशयात, लिम्फॉइड पेशींत दिसला. स्तनात, निरोगी असो वा कर्करोगाच्या, दिसला नाही. अल्फाच्या वेळी ट्रिटियम हाताशी होतं म्हणून लोक आधी पडताळत. बीटाच्या वेळी बहुतेकांनी कुपीवरच्या लेबलावर भागवलं. त्या काळातले निबंध आजही ग्रंथालयांत आहेत, आणि त्यात कोणती अँटीबॉडी वापरली हे शोधायला 'पद्धती' या भागातल्या बारीक टायपापर्यंत जावं लागतं.