नाटककार मुंबईत, बिऱ्हाड कराडातच

व्यावसायिक नाटकाच्या लेखकाला मानधन मिळतं ते बहुतेकदा प्रयोगामागे. प्रयोग थांबले की पैसेही थांबले. शिवाय त्याची गरज वाचनाला आणि तालमींना. शुभारंभ झाला की तो मोकळा. एवढ्यासाठी दादरला कॉट मिळवता येते, संसार हलवता येत नाही.

कराडकडे घर स्वतःचं, आणि कृष्णाकाठी थोडाफार ऊस. खरी मेख तिथेच आहे. तमाशासाठी वग लिहिणाऱ्याचंही तेच; तमाशाचा हंगाम दसरा ते बुद्धपौर्णिमा. कारखान्यांचं गाळपही दसरा-दिवाळीच्या पुढेमागेच सुरू होतं. म्हणजे वगलेखक फडाबरोबर फिरतीवर असताना इकडे तोड येते. तोडीचा नेम नसतो. टोळी बांधावर आली की वाढ्यांच्या भाऱ्यांपासून वजनाच्या पावतीपर्यंत बघायला घरचंच माणूस लागतं.

फिरतीवरचं पोट इथे जुनंच. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानच्या आश्रयाने. १८५१मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन वारले, आश्रय सुटला आणि मंडळी दौऱ्यावर निघाली; १८५३मध्ये मुंबई गाठली. पुढे काळू-बाळूंचा तमाशा महाराष्ट्रभर गाजला, तरी नावाला ‘कवलापूरकर’ चिकटलं ते चिकटलंच.