गोड्या पाण्याच्या गावी घरातला समुद्र

खडकवासला धरणाच्या गोड्या पाण्यापासूनही घरातील काचेच्या टाकीत समुद्र निर्माण करता येतो. मात्र, त्यात प्रवाळ जगवायचे असतील, तर तो समुद्र स्थिर राखावा लागतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजेच २०० लिटरच्या टाकीला मत्स्यालयाचे सुमारे सात किलो मीठ लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन घातक असल्याने ते आधी गाळून शुद्ध करावे.

खरी मेख बाष्पीभवनात आहे. उन्हाळ्यात पाणी उडते. मीठ मागेच राहते. या टाकीतील दहा लिटर पाणी उडाले, की क्षारांचे प्रमाण लिटरमागे ३७ ग्रॅमच्या जवळ पोचते. म्हणून ही घट रोजच्या रोज शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी ओतल्यास क्षार वाढतच जातात.

प्रवाळांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साह्याने त्यांना अन्न पुरवते. तापमान २५ ते २६ अंशांच्या आसपास स्थिर हवे. ते फार वाढल्यास शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. वीज गेल्यावर पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यासाठी बॅटरीवरील हवेचा पंप हाताशी ठेवावा.

कठीण सांगाड्याच्या, भित्ती रचणाऱ्या सर्व प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून असा प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. खरेदीपूर्वी प्रजाती आणि कागदपत्रे तपासणे, हीच या छंदाची पहिली पायरी होय.